रुग्णनोंद आणि उपचारांचे सातत्य : प्राथमिक आरोग्यसेवेतील एका प्रश्नाचा आढावा

१. प्रश्नाची व्याप्ती

दीर्घकाळ चालणाऱ्या आजाराचा रुग्ण आपल्याकडे एकाच वर्षात गावातील खाजगी दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय, शहरातील तज्ज्ञ आणि नाक्यावरचे औषधाचे दुकान अशी चार-पाच दारे सहज हिंडतो; प्रत्येक ठिकाणी त्याच्याविषयी काही ना काही लिहिले जाते, परंतु एका ठिकाणी लिहिलेले दुसऱ्या ठिकाणी कोणी वाचील अशी तजवीज बहुधा नसते. केसपेपर एका दप्तरात राहतो, औषधाची चिठ्ठी खिशात चुरगळते, रक्त-लघवीचे अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत साठत जातात, आणि नव्या डॉक्टरांनी पूर्वीच्या गोळ्यांविषयी विचारले म्हणजे त्यांच्या रंगापलीकडे रुग्णाला काही सांगता येत नाही. त्याच त्या तपासण्यांची पुनरावृत्ती, परस्परांस मारक औषधांचे एकत्र सेवन आणि सुरू झालेला उपचार मधेच सुटणे हे या विस्कळीतपणाचे परिचित परिणाम होत. ज्या मुलखात जमिनीच्या बारीकसारीक फेरफाराची नोंद तलाठ्याच्या दप्तरी मिळते, त्याच मुलखात मनुष्याच्या देहाच्या इतिहासाला कायमचे खाते नाही, ही विसंगती सहज नजरेत भरते. तिच्यावरील उपायाविषयी मात्र मतैक्य नाही.

वादाचे स्वरूप नीट कळण्यासाठी दोन व्याख्यांचा आधार घेणे इष्ट आहे. बार्बरा स्टारफील्ड या अमेरिकन विदुषींनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्राथमिक सेवेची चार प्रमुख लक्षणे सांगितली : प्रथम संपर्क, दीर्घकालीन संबंध, सेवेची सर्वसमावेशकता आणि समन्वय. यांपैकी समन्वय साधायचा तर इतरत्र काय घडले याची माहिती उपलब्ध असावी लागते, आणि ती माहिती प्रत्यक्ष उपचार करणाऱ्याने लक्षात घ्यावी लागते. पहिली अट दप्तराची आहे, दुसरी मनुष्याची. पुढे २००३ साली कॅनडातील जीनी हॅगर्टी आणि त्यांचे सहकारी यांनी सातत्याचे तीन प्रकार वेगळे करून दाखविले. माहितीचे सातत्य, म्हणजे पूर्वीचा वृत्तांत पुढील डॉक्टरांस उपलब्ध असणे. व्यवस्थापनाचे सातत्य, म्हणजे निरनिराळ्या ठिकाणचे उपचार एकाच योजनेस धरून असणे. आणि संबंधाचे सातत्य, म्हणजे तोच डॉक्टर वा तोच चमू वर्षानुवर्षे रुग्णास ओळखीत असणे. नोंदींचा प्रत्यक्ष संबंध पहिल्या प्रकाराशी येतो. ती नोंद दुसऱ्या प्रकारास कितपत उपकारक ठरते आणि तिसऱ्याची उणीव तिने भरून निघते काय, हाच आजच्या चर्चेचा गाभा होय.

२. पूर्वपीठिका

प्राथमिक सेवेतील सुसंघटित नोंदीचा आरंभ सामान्यतः ब्रिटनमध्ये शोधला जातो. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानंतर तेथील विमेकरी कामगारांची नावे ठराविक डॉक्टरांच्या यादीत दाखल होऊ लागली, आणि त्यातूनच पुढे लॉइड जॉर्ज यांच्या नावाने ओळखला जाणारा कागदी लिफाफा रूढ झाला. १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा अस्तित्वात आल्यावर ही यादीची पद्धत साऱ्या जनतेस लागू झाली. रुग्णाने डॉक्टर बदलला तर त्याचा लिफाफाही नव्या डॉक्टरांच्या दप्तरी रवाना होई, आणि तज्ज्ञाची पत्रे उलट टपाली त्याच लिफाफ्यात येऊन पडत. लिफाफा लहान, अक्षर दुर्बोध आणि मजकूर त्रोटक अशी त्याची कितीही निंदा झाली, तरी या माणसाची नोंद कोठे आहे आणि ती सांभाळण्याची जबाबदारी कोणावर आहे, या दोन प्रश्नांना त्या पद्धतीत निश्चित उत्तर होते.

नोंदीच्या अंतर्गत रचनेचा विचार १९६८ साली लॉरेन्स वीड या अमेरिकन वैद्यकाने पुढे आणला. तोवरचे केसपेपर म्हणजे ज्या क्रमाने घटना घडल्या त्या क्रमाने लिहिलेली रोजनिशी असे. वाचणाऱ्यास आजाराचे सूत्र त्या बाडातून स्वतः उपसावे लागे. वीड यांनी रुग्णाच्या समस्यांची क्रमांकवार सूची प्रारंभी ठेवावी आणि पुढील प्रत्येक निरीक्षण, निदान व योजना त्या त्या समस्येखाली नोंदवावी, असे सुचविले. नोंद केवळ लिहिणाऱ्याच्या स्मरणासाठी ठेवायची नसून दुसऱ्या कोणाला तरी पुढचे पाऊल टाकता यावे म्हणून ठेवायची असते, हा विचार या रचनेतून दृढ झाला.

तिसरे सूत्र वेल्समधील ग्लिनकोरग या कोळसा-खाणींच्या खेड्यातून आले. १९६१ पासून तेथे व्यवसाय करणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी आपल्या यादीतील प्रौढ रहिवाशांचा रक्तदाब मोजण्याचा क्रम आरंभिला. दवाखान्यात आलेल्यांपुरते न थांबता जे आले नाहीत त्यांच्या नावांचाही त्यांनी पाठपुरावा केला. ज्यांना सेवेची सर्वांत अधिक गरज त्यांनाच ती सर्वांत कमी मिळते, हा त्यांनी १९७१ साली मांडलेला 'व्यस्त सेवेचा नियम' प्रसिद्धच आहे. येथे नोंदीच्या कार्यात एक महत्त्वाची भर पडली : जो आला त्याचे स्मरण ठेवणे हे तिचे एक काम, आणि जो यावयास हवा होता पण आला नाही त्याची उणीव दाखविणे हे दुसरे. दुसरे काम केवळ त्याच दप्तरास साधते ज्याच्यामागे निश्चित लोकांची यादी आहे. जो येईल त्याचा केसपेपर काढणाऱ्या दवाखान्यास न आलेल्याचा पत्ताच लागत नाही.

३. भारतातील वाटचाल

आपल्याकडे या प्रश्नाची पायाभरणी भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने केली. अल्प मुदतीच्या योजनेत ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र असावे आणि त्याच्यावर क्रमाक्रमाने मोठी रुग्णालये असावीत, अशी त्या समितीची शिफारस होती; म्हणजे रुग्ण खालून वर जाईल आणि उपचारानंतर पुन्हा खाली येईल, ही कल्पना आरंभापासूनच गृहीत होती. १९५२ पासून समूहविकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. आज सपाट प्रदेशात ३०,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, त्याखाली अनुक्रमे ५,००० व ३,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र, असा शिरस्ता आहे. रुग्णास वर पाठविण्याची चिठ्ठी या रचनेत प्रथमपासून होती. परंतु वर काय झाले ते कळविणारे पत्र खाली येण्याचा रिवाज मात्र रुजला नाही.

याच काळात उपकेंद्रांत नोंदवह्यांची संख्या वाढत गेली. गरोदर मातांची वही, लसीकरणाची वही, कुटुंबनियोजनाची, क्षयरोगाची, हिवतापाची अशा प्रत्येक राष्ट्रीय कार्यक्रमाची आपापली वही असे, आणि तिच्यातील आकडे महिन्याच्या शेवटी तालुक्यास, तेथून जिल्ह्यास व पुढे राजधानीस जात. या वह्यांचे प्रयोजन प्रामुख्याने वरिष्ठांस हिशेब देणे हे होते. एकाच बाईची माहिती चार वह्यांत विखुरलेली असे, आणि ती चारही ठिकाणची माहिती एकत्र वाचून तिच्या उपचाराविषयी निर्णय करण्याचा प्रसंग क्वचितच येई. नोंद विपुल आणि सातत्य विरळ, अशी ही स्थिती होती.

याला अपवाद होते, आणि ते उद्बोधक आहेत. मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या क्षयरोग संशोधनाने घरी राहून औषध घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो हे सिद्ध केले. पण त्यामुळेच उपचार कित्येक महिने रुग्णाच्या घरी चालू राहणार आणि मधेच सुटण्याचा धोका वाढणार, हेही स्पष्ट झाले. क्षयरोग कार्यक्रमातील उपचारपत्रक ही या अडचणीवरची तोड होय : कोणत्या दिवशी मात्रा चुकली हे पत्रकावर चटकन दिसते आणि रुग्णाच्या घरी कोणी जायचे हे ठरलेले असते. मे २०१२ मध्ये केंद्र शासनाने क्षयरुग्णाची खबर देणे खाजगी डॉक्टरांसही बंधनकारक केले, आणि त्याच वर्षी 'निक्षय' ही संगणकीय नोंदप्रणाली आली.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी देखभाल करण्याचा जो प्रयोग केला, त्यात गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिक्षण देण्यात आले. ती ठराविक दिवशी बाळंतिणीच्या घरी जाई, बाळाचे वजन व लक्षणे ठरलेल्या पत्रकावर उतरवी आणि त्या पत्रकावरूनच पुढील कृती ठरवी. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. या यशाचे श्रेय केवळ नोंदीस देणे अयोग्य ठरेल. औषध, शिक्षण आणि देखरेख यांचा त्यात मोठा वाटा आहे. तथापि भेटीचा दिवस, भेट देणारी व्यक्ती आणि भेटीची नोंद ही तिन्ही तेथे एकाच सूत्रात बांधलेली होती, ही गोष्ट लक्षणीय आहे. २०११ मध्ये हीच पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारण्यात आली.

खाजगी क्षेत्रातील सातत्य बहुतांशी फॅमिली डॉक्टर या संस्थेवर विसंबून होते. शहरातील वा तालुक्याच्या गावातील हा डॉक्टर तीन पिढ्यांस ओळखत असे आणि त्याचे दप्तर बरेचसे त्याच्या स्मृतीतच असे. ती पिढी मागे पडल्यावर आणि लोक थेट तज्ज्ञाकडे जाऊ लागल्यावर ती अलिखित नोंदही नाहीशी झाली. तिच्या जागी लिखित नोंद आली नाही, ही या क्षेत्राची मुख्य अडचण मानली जाते.

४. पुरावा काय सांगतो

संबंधाच्या सातत्याविषयीचा पुरावा आज बराच सबळ आहे. डेनिस परेरा ग्रे आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली नऊ देशांतील २२ अभ्यासांची छाननी केली. त्यांपैकी १८ अभ्यासांत त्याच डॉक्टरांकडे अधिक सातत्याने जाणाऱ्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. नॉर्वेतील सुमारे ४५ लाख रहिवाशांच्या नोंदींवर आधारलेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांचा आपल्या डॉक्टराशी १५ वर्षांहून अधिक संबंध होता, त्यांचे अवेळी उपचार घेण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी, तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचे २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचे २५ टक्क्यांनी कमी होते. तुलना एक वर्षाचा संबंध असलेल्यांशी होती. हे निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने कार्यकारणाचा निर्णय त्यांनी पुरता होत नाही, कारण वारंवार गाव बदलणारा किंवा गंभीर आजाराने अनेक तज्ज्ञांकडे जावे लागणारा रुग्ण मुळातच वेगळा असू शकतो. शिवाय, ज्या नॉर्वेत हा फरक दिसला तेथे नोंदी उत्तम स्थितीत होत्या. चांगली नोंद असूनही ओळखीचा डॉक्टर असण्याचा लाभ उरतोच, असा अर्थ यातून काही अभ्यासक काढतात.

माहितीच्या सातत्याविषयीचा भारतीय पुरावा मुख्यत्वे कार्यक्रमांच्या अनुभवातून येतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे प्रारंभीच्या जिल्ह्यांत होते. प्रत्येक रुग्णाचे उपचारपत्रक, औषधांचा सोपा व सर्वत्र सारखा क्रम, घराजवळच्या केंद्रात औषधाचा पुरवठा आणि मुदतीत न आलेल्यांची यादी काढून त्यांना निरोप धाडणे, अशी त्याची रचना आहे. पुढे काही ठिकाणी कागदी पत्रकाची जागा मोबाइलवरील साध्या ॲपने घेतली. या अनुभवाचा निष्कर्ष असा की अल्प मजकुराची नोंदही उपयोगी पडते, परंतु यादी वाचून फोन करणारी परिचारिका आणि फडताळात गोळ्या या दोहोंविना ती निरुपयोगी आहे.

५. तीन प्रमुख भूमिका

नोंद कोठे राहावी याविषयी आज तीन भूमिका मांडल्या जातात. त्या परस्परांस सर्वस्वी वर्ज्य नाहीत. परंतु प्रत्येकीचा भर वेगळा आहे.

पहिली भूमिका अशी की नोंद ठरलेल्या डॉक्टराच्या वा चमूच्या दप्तरी राहावी आणि प्रत्येक कुटुंबाचे नाव त्या चमूच्या यादीत असावे. या मताचे समर्थक ब्रिटन, नॉर्वे आणि विशेषतः डेन्मार्कचे उदाहरण देतात. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक रहिवाशास एक कायम क्रमांक आहे, बहुतेक जनता फॅमिली डॉक्टरांच्या यादीत आहे, आणि १९९४ पासून चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल, शिफारसपत्रे व रुग्णालयातून सुटका झाल्याची पत्रे यांचे ठरीव नमुने करून ती संगणकावरून एकमेकांस धाडण्याची व्यवस्था उभारण्यात आली. भारतात आयुष्मान भारत योजनेखाली २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर झाले. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन कुटुंबपत्रक भरणे आणि ३० वर्षांवरील प्रत्येकाच्या जोखमीची नोंद करणे, हा याच विचाराचा आविष्कार होय. आक्षेप असा की आपल्याकडे बाह्यरुग्णांपैकी मोठा भाग खाजगी दवाखान्यांत जातो, त्यांत निरनिराळ्या चिकित्सापद्धतींचे डॉक्टर आहेत, आणि यापैकी कोणाचीही यादी नाही. रुग्णास एका दाराशी बांधणे लोकांना रुचेल काय, हीही शंका आहे.

दुसरी भूमिका नोंद रुग्णाच्याच हाती असावी अशी आहे. जपानमध्ये १९४८ पासून माता-बालक पुस्तिका चालत आली आहे. डेव्हिड मॉर्ली यांनी नायजेरियात विकसित केलेला बालकाच्या वाढीचा तक्ता मातेच्या ताब्यात राहत असे. आपल्याकडील माता व बाल संरक्षण कार्ड याच परंपरेतले आहे. महाराष्ट्रातील लोकजीवनाचा विचार करता या भूमिकेस विशेष बळ मिळते. पहिल्या बाळंतपणास मुलगी माहेरी जाते, तेव्हा नोंदणी सासरच्या उपकेंद्रात आणि प्रसूती दुसऱ्याच जिल्ह्यात होते. बीड-अहिल्यानगरकडील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या गाळपाच्या हंगामात पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात असतात. त्या काळात गरोदर बाईची तपासणी आणि लेकराची लस यांचा तपशील तिच्या सोबतच्या कार्डावर असला तरच नव्या ठिकाणच्या परिचारिकेस कळतो. मुंबईत उपचार घेणारा कोकणी माणूस शिमग्या-गणपतीला गावी आला म्हणजे त्याच्या फाइलीवाचून गावच्या डॉक्टरांस दुसरा आधार नसतो. आक्षेपही तितकेच वास्तव आहेत : कार्ड हरवते, पावसात भिजते, खाजगी डॉक्टर त्यावर क्वचितच लिहितो, आणि ज्या आजारांची वाच्यता रुग्णास नको असते, त्यांची नोंद घरातल्या माणसांच्या हाती पडण्याची भीती असते.

तिसरी भूमिका जोडणीची आहे. एका ठिकाणी सारे दप्तर गोळा न करता, जेथे नोंद झाली तेथेच ती राहावी आणि रुग्णाच्या संमतीने हवी तेव्हा दुसरीकडे दिसावी, असे हे मत आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेले आयुष्मान भारत डिजिटल मिशन याच तत्त्वावर उभे आहे. त्यातील १४ अंकी 'आभा' क्रमांक ऐच्छिक असून तो विखुरलेल्या नोंदींस जोडणारा दुवा आहे. एकच केंद्रीय कोठार टाळण्यास कारण आहे : इंग्लंडने २००२ साली हाती घेतलेला राष्ट्रव्यापी संगणकीकरणाचा प्रचंड कार्यक्रम २०११ मध्ये मोडीत काढावा लागला. आक्षेप असा की क्रमांक जोडला गेला म्हणजे मजकूर जोडला गेला असे होत नाही. ज्या दवाखान्यात मुळात नोंदच होत नाही, तेथून काहीही दिसणार नाही. बाह्यरुग्ण विभागात क्यूआर कोडने नाव नोंदवून रांग कमी करणे, हा उपयोग लोकांना लवकर पटला. निदान आणि औषधे यांची देवघेव ही त्यापुढची, अधिक कठीण पायरी आहे.

६. मतभेदाचे मुद्दे

गोपनीयता हा त्यांपैकी पहिला मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आणि एचआयव्हीविषयक कायद्याने त्या त्या आजारांच्या माहितीस विशेष संरक्षण दिले, आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी एकत्र करण्याची 'केअर डॉट डेटा' नावाची योजना लोकांचा विश्वास न बसल्यामुळे २०१६ साली सोडून द्यावी लागली. उलट एस्टोनियात आपली नोंद कोणी व केव्हा पाहिली हे नागरिकास स्वतः तपासता येते आणि तेथे लोकांनी पद्धत स्वीकारली. एक पक्ष म्हणतो की अशी कडक पाहणी असली तर विस्तृत देवघेव निर्धास्तपणे करावी. दुसरा म्हणतो की रांगेत ताटकळलेल्या, वाचता न येणाऱ्या रुग्णाची संमती नाममात्रच असते, सबब देवघेव आवश्यक मजकुरापुरतीच ठेवावी. गावपातळीवर हा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण नोंद घेणारी आशा ही बहुधा त्याच गावची सून असते.

दुसरा मुद्दा वेळेचा. अमेरिकेत २००९ च्या कायद्यानंतर संगणकीय नोंदींचा झपाट्याने प्रसार झाला. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत डॉक्टर रुग्णासमोर घालवीत असलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणक व कागदपत्रे यांत जातात असे आढळले. जगाची निम्मी लोकसंख्या ज्या १८ देशांत राहते, तेथे डॉक्टर-रुग्ण भेटीचा सरासरी अवधी पाच मिनिटांच्या आतच असतो, असे २०१७ च्या एका आढाव्यात दिसून आले. एवढ्या अवधीत तपासणे, सांगणे आणि लिहिणे ही तिन्ही कामे व्हायची आहेत. संगणकीकरणाचे पुरस्कर्ते म्हणतात की एकदा केलेली नोंद पुढे वेळ वाचविते; उपकेंद्रातील अनुभव असा की वही बंद न होताच ॲप सुरू होते आणि परिचारिकेस तीच माहिती दोनदा भरावी लागते.

तिसरा मुद्दा कायदेशीर कर्तव्याचा. रुग्णास आपल्या नोंदी मागण्याचा हक्क आहे हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली मान्य केले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागणी आल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक झाले. परंतु जतन करण्याचे हे कलम दाखल झालेल्या रुग्णांपुरते आहे, आणि प्राथमिक सेवेतील जवळजवळ सारा व्यवहार बाह्यरुग्णांचा असतो. ज्या क्षेत्रात सातत्याची गरज सर्वाधिक, तेथेच जतनाचा स्पष्ट दंडक नाही. बाह्यरुग्णांनाही हा नियम लागू करावा असे काही सुचवितात. एकट्याने चालविलेल्या छोट्या दवाखान्यावर हा बोजा झेपणार नाही, असे इतरांचे म्हणणे आहे.

७. अनिर्णित प्रश्न

वरील विवेचनावरून काही गोष्टींविषयी सर्व पक्षांत सहमती दिसते. समस्यासूची, चालू औषधे, औषधांची ॲलर्जी आणि पुढील भेटीची तारीख एवढा मजकूर प्रत्येक नोंदीत असावा. रुग्णाच्या हाती त्याची नक्कल असावी. आणि वरच्या रुग्णालयाने पाठविणाऱ्या केंद्रास उलट चिठ्ठी द्यावी, यांविषयी फारसा वाद नाही.

वाद जेथे उरतो तेथे तीन प्रश्न उघडे आहेत. पहिला, संबंधाच्या सातत्याची उणीव माहितीच्या सातत्याने कितपत भरून निघते? नॉर्वेचा पुरावा ती पूर्णपणे भरून निघत नाही असे सुचवितो. पण जेथे ओळखीचा डॉक्टर लाभण्याची शक्यताच नाही, त्या स्थलांतरित मजुराच्या बाबतीत चांगली नोंद हाच एकमेव पर्याय असू शकतो, आणि अशा लोकसमूहांवरील तौलनिक अभ्यास अजून विरळ आहेत. दुसरा, खाजगी डॉक्टराने नोंद करून ती इतरांस उपलब्ध करावी म्हणून सक्ती, मोबदला किंवा सोय यांपैकी कोणता उपाय परिणामकारक ठरेल? क्षयरोगाच्या बाबतीत सक्तीचा अवलंब झाला, कारण तो संसर्गजन्य आहे. मधुमेह वा रक्तदाबाच्या बाबतीत तोच न्याय लावता येईल काय, हे ठरलेले नाही.

तिसरा प्रश्न जबाबदारीचा आहे, आणि पहिल्या दोहोंची उत्तरे बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून आहेत. मद्रासचे उपचारपत्रक, गडचिरोलीच्या आरोग्यदूताचा कागद, सातारा-सिंधुदुर्गातील मुदतीत न आलेल्यांची यादी आणि ब्रिटनचा जुना लिफाफा यांत माध्यमाचे साम्य नाही. साम्य आहे ते एवढेच की प्रत्येकाच्या मागे नोंद वाचण्यास आणि तिच्यावर कृती करण्यास बांधलेली एक ओळखीची व्यक्ती आणि तिच्या हवाली केलेली निश्चित माणसे होती. क्रमांक, ॲप आणि संमतीची यंत्रणा यांनी नोंद वाहून नेण्याची अडचण पुष्कळ हलकी होईल. परंतु एखादा रक्तदाबाचा रुग्ण तीन महिने आला नाही तर त्याची चौकशी गावचे आरोग्यवर्धिनी केंद्र करील, खाजगी डॉक्टर करील की शहरातील रुग्णालय, याचा निवाडा कोणतेही तंत्र करू शकत नाही. तो धोरणाने करावयाचा आहे. पुढील काही वर्षांत महाराष्ट्रात कुटुंबपत्रकांची यादी आणि 'आभा' यांची सांगड घालताना जिल्हावार जे निरनिराळे अनुभव येतील, त्यांत किती नोंदी जोडल्या गेल्या यापेक्षा सुटलेले किती रुग्ण उपचारांत परत आले, हे मोजले गेले, तर आज तर्कावर चाललेला हा वाद पुराव्याच्या पायावर आणता येईल.